क्लचवरचा पाय

धाकटी: आवाज कसा येतो ते मी तुला तिसऱ्यांदा विचारतेय, दादा. "घाणेरडा येतो" हे उत्तर नाही.

दादा: मग काय करू? गाऊन दाखवू?

धाकटी: दाखव. गॅरेजमध्ये आत्ता गिऱ्हाईक नाही. असतं तरी पळून जायला दार उघडं आहे.

दादा: गिअर टाकताना खर्रर्र. जात्यात खडे टाकल्यासारखा. आणि नुसता क्लच दाबला की वेगळाच, बारीक, किर्रर्र. तुझ्या वहिनीला काही काम सांगितलं की ती करते ना, तसा.

धाकटी: आणि क्लच सोडल्यावर?

दादा: सोडल्यावर गप्प. दोघींमध्ये तेवढाच काय तो फरक.

धाकटी: दाबल्यावर वाजतं आणि सोडल्यावर थांबतं, म्हणजे क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग गेलं. उलटं असतं तर गिअरबॉक्सच उतरवून उघडायला लागला असता. देवाचे आभार मान.

दादा: देवाचे कशाला, तुझेच मानतो. बेअरिंग तूच टाकलं होतंस ना? आणि क्लच प्लेटही? गेल्याच हंगामात? "दादा, आता काही वर्षं इकडे फिरकूसुद्धा नकोस." माझ्या कानात अजून घुमतंय ते. किर्रर्रच्या वरून.

धाकटी: फिरकू नकोस हे मी तुला उद्देशून म्हणाले होते, गाडीला नाही.

दादा: बाबांनी गॅरेज तुला दिलं आणि गाडी मला दिली, तेव्हाच म्हणालो होतो मी त्यांना. उलटं करा. मी गाड्या दुरुस्त करतो, ती डोंगर चढेल. निदान दोघांना आपापल्या कामाची भीती तरी वाटेल.

धाकटी: झालं भाषण? उतर खाली. चालकाच्या जागेवर मी बसते.

दादा: जपून. उद्या खाणीवरची सगळी माणसं खाली आणायची आहेत. हंगाम संपला, परवापासून वरचा रस्ता बंद. त्या रस्त्याला दुसरी गाडी चढत नाही, हे तुला माहीत असेल. गॅरेजच्या फाटकाबाहेर काय काय असतं ते ऐकून तरी असशील.

धाकटी: ऐकून आहे. तिथे मोठमोठे चालक राहतात म्हणे. हे बघ, हँडब्रेक ओढलाय. तिसरा गिअर टाकते. आता क्लच हळूहळू सोडते. क्लच धडधाकट असेल तर इंजिन गचका देऊन बंद पडलं पाहिजे.

दादा: नाही पडत. बघ, किती दणकट इंजिन आहे.

धाकटी: इंजिन नाही रे दणकट. क्लच धरतच नाहीये. इंजिन इकडे जीव तोडून फिरतंय आणि चाकांपर्यंत निरोपच पोचत नाही.

दादा: आपल्या घराण्याची रीतच आहे ती.

धाकटी: वास येतोय?

दादा: जळकट. येतोय. चढावर तर डोळ्यांत पाणी येतं. मला वाटलं, खाणीवरचा स्वयंपाकी शेजारी बसतो, त्याच्या कपड्यांचा असेल.

धाकटी: प्लेट जळलीय. एका हंगामात. ही प्लेट हत्तीनं गाडी चालवली असती तरी टिकली असती. पाय क्लचवर ठेवून बसतोस का?

दादा: मग कुठे ठेवू? खिडकीबाहेर?

धाकटी: बाजूला. गाडी चालली असताना पायाचं वजन पेडलवर राहिलं की बेअरिंग सतत घासत राहतं, आणि प्लेट धड धरत नाही, धड सोडत नाही. तुला हे बाबांनी शिकवलं होतं. पाय चुकला की वेताच्या छडीनं.

दादा: शिकवलं होतं. म्हणून तर माझा पाय कधी क्लचवर नसतो. तुझं सामान नकली आहे, हे कबूल कर. बहीण आहेस, पोलिसात देणार नाही.

धाकटी: नाचता येईना, अंगण वाकडं. बरं, तुझा तो खर्रर्र कुठाय? पहिला टाकला. दुसरा टाकला. रिव्हर्स टाकला. लोण्यासारखे पडतायत.

दादा: तुला घाबरते ती. तू मागच्या वेळी पाना घेऊन तिच्या पोटात शिरलीस, त्याचा धसका घेतलाय.

धाकटी: दुरुस्तीच्या गाडीत आणि दवाखान्यातल्या पेशंटमध्ये हाच घोळ. डॉक्टर समोर आला की दुखायचं थांबतं. ये, तू बस. तू टाक.

दादा: सरक. हे बघ. पहिला.

धाकटी: ऐकलं.

दादा: खर्रर्र. म्हणालो होतो ना? आता दुसरा.

धाकटी: ऐकलं. शेजारच्या गल्लीनंही ऐकलं. थांब, पुढचा टाकू नकोस, दाते तुटतील.

दादा: आता पटलं? म्हणजे मी गाडीचं ऐकून येतो, उगाच मनानं रचून येत नाही.

धाकटी: क्लचच्या तेलाची डबी काठोकाठ भरलीय. पाइप कोरडा आहे, गळती कुठे नाही. पेडलच्या दांडीला ढिलाई नाही. क्लच माझ्या पायाखाली नीट सुटतो, तुझ्या पायाखाली सुटत नाही. दार उघडं ठेव. मी खालून बघते.

दादा: बघ, बघ. काहीतरी सापडल्याशिवाय उठू नकोस. रिकाम्या हातानं उठायची सवय नाही तुला.

धाकटी: क्लच दाब.

दादा: दाबला.

धाकटी: पूर्ण दाब.

दादा: पूर्णच आहे.

धाकटी: दादा, पूर्ण.

दादा: अगं, खालच्या फळीला टेकलाय. आता काय रस्त्याला टेकवू?

धाकटी: पेडल आणि फळीच्या मध्ये मी माझी मूठ घातलीय. तू आणखी खाली घेतलंस तर माझी बोटं चेचली जातील. घेतोयस का खाली?

दादा: घेतलंच आहे म्हणतो ना.

धाकटी: माझी बोटं शाबूत आहेत.

दादा: मग नशीबवान आहेस.

धाकटी: दादा, इकडे बघू नकोस, समोर बघ. मी आता तुझ्या पायाला हात लावलाय का?

दादा: हा काय खेळ आहे?

धाकटी: लावलाय की नाही, एवढंच सांग.

दादा: नाही.

धाकटी: तुझ्या डाव्या पायातली चप्पल कुठाय?

दादा: पायात. आणखी कुठे असणार, डोक्यावर?

धाकटी: आता खाली बघ.

दादा: पडली असेल.

धाकटी: पायरीजवळ पडलीय. आत्ता वर चढलास तेव्हाच पडली. मला वाटलं, उचलशील. तू तसाच चढून बसलास, अनवाणी, आणि मला खर्रर्र ऐकवलंस. आणि अंगठा अजून माझ्या चिमटीत आहे.

दादा: सोड तो. शोभत नाही.

वहिनी: काय झालं? दोघं गप्प का? या गॅरेजमध्ये शांतता मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ऐकतेय. कोणी गेलं का?

दादा: ये. तुझीच कमी होती. डबा आणलास की साक्ष द्यायला आलीस?

वहिनी: डबा आणलाय. साक्षीचं आधी सांगितलं असतंत तर बरी साडी नेसून आले असते. वन्सं, काय निघालं गाडीचं?

धाकटी: बेअरिंग गेलंय, प्लेट जळलीय. दोन्ही एकाच कारणानं. वहिनी, दादाच्या डाव्या पायाला काय झालंय?

वहिनी: अच्छा. तिथवर पोचलात.

दादा: काही झालेलं नाही. मुंग्या येतात जरा. बसून बसून. या वयात सगळ्यांनाच येतात.

वहिनी: मुंग्या येत होत्या तेव्हा बरं होतं. निदान काहीतरी येत होतं. मागे एकदा माझ्या हातून चहाचं आधण सांडलं यांच्या पायावर. उकळतं. मी किंचाळले, तर हे वर्तमानपत्र खाली घेऊन म्हणाले, "काय झालं, कोणाला भाजलं?" पाय यांचा, फोड यांचा, आणि बोंबलायचं काम माझं.

दादा: बरा झाला ना फोड?

वहिनी: झाला. मी रोज मलम लावत होते म्हणून. आणि लावताना तुम्ही मला दुसरा पाय पुढे करत होतात.

धाकटी: आणि हे मला कोणी सांगितलं नाही.

वहिनी: शपथ घातली होती. "धाकटीला कळलं तर ती गाडी काढून घेईल." मी म्हटलं, ती बहीण आहे, सावकार नाही. पण यांचं म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.

दादा: तुम्ही दोघी बसा डबा खात. मी गाडी घेऊन जातो. बेअरिंग पुढच्या आठवड्यात बदलू. तोवर आवाज ऐकेन. घरी ऐकतोच.

धाकटी: थांब. इतक्यात वरच्या रस्त्यावर काय झालं?

दादा: कोण म्हणालं काही झालं?

धाकटी: कोणी नाही. पण तू गाडीला साधा ओरखडा आला तरी मला शिव्या घालत येतोस. या वेळी चांगला हात धुऊन, केस विंचरून आलास. म्हणून विचारतेय.

वहिनी: मुकादमाची बायको मला दुकानात भेटली. ती म्हणाली, वळणावर गाडी मागे यायला लागली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. मागे बायका पोरांना कवटाळून उड्या मारायच्या बेतात होत्या. तो स्वयंपाकी खाली उतरला आणि त्यानं चाकाखाली दगड घातला. तिनं मला विचारलं, "तुमच्या मालकांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, उत्तम. अगदी घोड्यासारखी.

दादा: क्लच निसटला. जळका क्लच चढावर निसटणारच. ही मिस्त्रीण आत्ताच म्हणाली ना, धरत नाही म्हणून?

धाकटी: म्हणाले. प्लेट जळलीय हे खरं आहे. पण ती जाळली कोणी? तुझा पाय दिवसभर पेडलवर पडून असतो आणि तुला पत्ता नसतो. आणि जेव्हा दाबायचा असतो तेव्हा तो अर्ध्यावर थांबतो, तरी तुला वाटतं, फळीला टेकलाय. मी उद्या सोन्याची प्लेट टाकली तरी पुढच्या हंगामाआधी तू ती जाळशील.

दादा: सोन्याची टाकून बघ ना एकदा. माझी हरकत नाही.

धाकटी: तू इथे क्लच दाखवायला आला नव्हतास, दादा. दोष क्लचवर ढकलायला आला होतास.

दादा: मग? बिघडलं काय त्यात? गाडीचं काही गेलं की माणूस गॅरेजमध्ये येतो. तू तो भाग काढतेस, खोक्यातून नवा काढतेस, बसवतेस. माणूस चहा पितो, घरी जातो. वळणावर गाडी मागे आली, तेव्हापासून मी एकच म्हणत होतो, क्लच असू दे. क्लचच असू दे. माझं गेलं असेल तर काय बदलणार आहेस तू? दाखव ना, कुठल्या खोक्यात ठेवलायस माझा पाय?

वहिनी: अहो.

दादा: काय "अहो"? पंचवीस माणसं आहेत वर. बायका, पोरं, त्यांची भांडीकुंडी. मी नाही गेलो तर खाणीचा मालक या गाडीवर त्याच्या भाच्याला बसवेल. तो भाचा सपाट रस्त्यावर वळण घेताना डोळे मिटतो.

धाकटी: मी जाते.

दादा: तू?

धाकटी: मी. प्लेट आणि बेअरिंग बदलते, सकाळी निघते.

दादा: छान. तू वर जाशील, वाटेत एखादा नट सैल दिसला की गाडीखाली शिरशील, आणि ती सगळी माणसं डोंगरावर म्हातारी होतील. त्या रस्त्यावर शेवटची कधी गेली होतीस?

धाकटी: बाबा शेजारी बसले होते तेव्हा. वळणावर तू रडला होतास. मी नाही.

दादा: डोळ्यांत धूळ गेली होती.

धाकटी: काचा बंद होत्या.

दादा: एवढं असेल तर जा. पण शेजारी मी बसणार. तुला कुठे पहिला टाकायचा, कुठे इंजिनचा जोर चारी चाकांना लावायचा, कुठला दगड हलतो, हे कोण सांगेल? बाबा तर येणार नाहीत आता.

धाकटी: बस. तोंडावर पट्टी लावायची तयारी असेल तर बस.

दादा: आणि आत्ता निदान घरापर्यंत तरी मला... किल्ली कुठे गेली?

वहिनी: माझ्याकडे आहे. तुम्ही पायाबद्दल भाषण देत होतात तेव्हा काढून घेतली.

दादा: घरभेदी.

वहिनी: हो. आता चप्पल घाला. डॉक्टरांची वेळ घेतलीय, तुम्ही खाणीवर होतात तेव्हाच घेऊन ठेवली होती. वन्सं गाडी खोलतील, तोवर तुम्हाला कोणी खोलतंय का बघू.

दादा: आणि डबा?

वहिनी: डबा वन्संसाठी आणला होता. तुमचा घरी आहे. चला. माझा खांदा धरा. नाही, हात नका झटकू. इथे बघायला कोणी नाहीये, आणि जे आहे त्यांनी सगळं बघून झालंय.

(दुसरा दिवस. खाणीवरची माणसं मागे बसवून गाडी डोंगर उतरते आहे. धाकटी चालवते आहे, दादा शेजारी.)

दादा: दुसऱ्यातच राहू दे. ब्रेकवर उभी राहू नकोस. इंजिनला धरू दे गाडी.

धाकटी: धरलंय त्यानं. तू दार सोड. उपटून हातात येईल.

दादा: दार मी सहज धरलंय. ओळख आहे आमची.

धाकटी: काल प्लेट काढली. घासून खिळ्यांपर्यंत गेली होती. ती ज्याच्यावर घासते ते फ्लायव्हीलचं चाक निळं पडलं होतं तापून. ठेवलीय मी प्लेट. भिंतीवर टांगीन म्हणते.

दादा: माझ्या फोटोशेजारी टांग. हार एकच पुरेल.

धाकटी: वहिनी रात्री फोनवर नीट बोलली नाही. काय म्हणाला डॉक्टर?

दादा: चांगला माणूस आहे. मला झोपवलं, म्हणाला, डोळे मिटा, मी तळव्याला टाचणी टोचतो, टोचली की सांगा. मी मिटले. बराच वेळ पडून राहिलो. शेवटी म्हटलं, डॉक्टर, करा ना सुरू. तो म्हणाला, माझं झालं.

धाकटी: आणि?

दादा: आणि तुझी वहिनी खोलीबाहेर गेली. पाणी प्यायला. तिला तिथे तहान फार लागली.

धाकटी: आणि डॉक्टर, दादा?

दादा: कमरेतला मणका सरकलाय, शीर दाबतोय. ऑपरेशन करून शीर मोकळी करायची. मी विचारलं, पाय पूर्वीसारखा होईल का? तो म्हणाला, आधी आला असतात तर खात्रीनं सांगितलं असतं, आता बघू. मी म्हटलं, आमची मिस्त्रीणसुद्धा हेच म्हणते, पण ती निदान आधी शिव्या देते.

धाकटी: करून घेणार आहेस ना?

दादा: सोमवारी भरती व्हायचं. विचारलं कुठे मला कोणी? तुझ्या वहिनीनं तिथेच सही केली. पुढे उतार वाढतोय. पहिला टाक.

धाकटी: टाकला.

दादा: कधी?

धाकटी: आत्ता. तू बोलत होतास तेव्हा.

दादा: ऐकू नाही आला.

धाकटी: ऐकू येत नाही तो. यायचा नसतोच.

दादा: हेच वळण. डावीकडून घे. आणखी डावीकडे, डोंगराला चिकटून. तो काळा दगड हलतो, त्याच्यावर चाक घालू नकोस. आता सोड. सोड हळूच. हं.

धाकटी: झालं?

दादा: झालं. चालव.

धाकटी: एवढंच? चुकलं काहीच नाही? बरं वाटत नाहीये का तुला?

दादा: पुढे बघ.

धाकटी: मागे फार शांत वाटतंय. कोणी पडलं तर नाही ना? मागच्या काचेतून बघ जरा.

दादा: झोपलेत.

धाकटी: कोण?

दादा: सगळे. मुकादमाची बायकोसुद्धा. पोर मांडीवर, तोंड उघडं टाकून. स्वयंपाक्यानं तर पातेल्यावर डोकं टेकलंय.

धाकटी: दमले असतील. सकाळपासून सामान बांधत होते.

दादा: या हंगामात माझ्या गाडीत या उतारावर एकदाही कोणी झोपलं नाही. सगळे उभे असायचे, दांडीला धरून. मला वाटायचं, दरी बघतायत.

धाकटी: झोप लागणार कशी, दादा? आवाज केवढा होता गाडीला.

दादा: हो. आवाज फार होता.